शेणाला घेणारा हवा

दिवाळीत सातारा, सांगली, कोल्हापूरकडे अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. सकाळी गोठ्यातून आणलेलं ताजं शेण हातानं मळायचं, त्याच्या गवळणी करायच्या, पेंद्या करायचा, गाई-वासरं करायची आणि वर झेंडूची फुलं खोचायची. घरातली लहान पोरंही कोपरापर्यंत हात माखून घेतात. कुणी नाक धरत नाही. त्याच घराच्या मागे, थोड्या अंतरावर उकिरडा असतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, ढीग आतून ओलागच्च असतो. त्यात कुणी फावडं घातलं की अंगणात बसलेल्या माणसाला न बघता कळतं. जनावर तेच, वैरण तीच, शेणही तेच. मग मधल्या काही आठवड्यांत त्याचं झालं काय?

हे काम जिवाणूंचं आहे, एवढं शाळेतलं पोरही सांगेल. पण कोणते जिवाणू, ते नेमकं काय करतात आणि गाईच्या पोटात इतकी वर्षं गुण्यागोविंदानं राहणारी ही मंडळी बाहेर पडल्यावर एवढा वास का करतात, हे समजून घ्यायला गाईच्या कोटीपोटापासून सुरुवात करावी लागते.

गाय वैरण खाते, पण वैरणीतला कडबा तिला स्वतःला पचवता येत नाही. ते काम कोटीपोटातले जिवाणू करतात. तिथं ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. अशा बिनहवेच्या जागी जिवाणू कडब्यातलं सेल्युलोज फोडतात, त्याची साखर करतात आणि साखरेपासून आम्लं तयार करतात. ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही त्यांतली मुख्य. कोटीपोटाच्या भिंतीतून ही आम्लं गाईच्या रक्तात जातात आणि तिला लागणारी साधारण ७० टक्के ऊर्जा त्यांतूनच मिळते. म्हणजे जिवाणूंनी केलेला माल उचलायला गाय तिथं हजर असते. आम्लं साठत नाहीत, म्हणून वासही साठत नाही.

शेण बाहेर पडतं तेव्हा त्यात न पचलेला कडबा असतो, थोडी प्रथिनं असतात आणि आतड्यातले असंख्य जिवाणू असतात. सारवणाच्या पातळ थरात त्याला हवा लागते, ऊन लागतं आणि एक-दोन दिवसांत ते वाळतं. पाणी संपलं की जिवाणूंचं काम थांबतं. पण तेच शेण चार-पाच फुटांच्या ढिगात किंवा खड्ड्यात गेलं की आत पुन्हा बिनहवेची, ओली, उबदार जागा तयार होते. जिवाणू पोटात करत होते तेच काम पुढं चालू ठेवतात. फरक एकच पडतो. तयार झालेली आम्लं उचलायला आता गाय नसते. घेणारा कुणी नाही म्हणून ती साठतात, हवेत उडतात आणि आपल्या नाकात येतात. ब्युटिरिक आम्लाचा वास खवट लोण्याला येतो तोच, कारण खवट लोण्यातही तेच आम्ल असतं. आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास दिवसभर घातलेल्या पायमोज्यांतून आपण सगळ्यांनी घेतलेला आहे.

म्हणून शेणाच्या वासाकडे मी घाणीची खूण म्हणून पाहत नाही. पचनाची साखळी मध्येच तुटली आहे, एवढंच तो वास सांगतो. पुढं जे काही सांगायचं आहे ते या एका गोष्टीवर उभं आहे.

साखळीचा शेवटचा दुवा कोणता, हे गोबरगॅस असलेल्या घरातल्या कुणालाही माहीत असतं, भले तो त्या शब्दांत सांगणार नाही. संयंत्राच्या आतल्या टोकाला शेणकाला ओतताना वास येतो. बाहेरच्या टोकानं येणाऱ्या स्लरीला तो जवळपास नसतो. मध्ये मिथेन करणारे सूक्ष्मजीव बसलेले असतात. ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून ते मिथेन बनवतात. शुद्ध मिथेनला वास नसतो. ब्युटिरिक, प्रोपिओनिक ही आम्लं आधी दुसरे जिवाणू फोडून देतात आणि मग तीही याच वाटेनं जातात. अडचण अशी की मिथेनवाले अतिशय सावकाश वाढतात. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेनवाल्यांना अनेकदा काही दिवस लागतात. त्यांना सामू सातच्या आसपास लागतो, साधारण ३५ अंशांची ऊब मानवते आणि रोज ठरावीक चारा लागतो. उकिरड्यात यांतलं काहीच ठरावीक नसतं. आज पाच घमेली पडतात, उद्या काहीच नाही, परवा पावसाचं पाणी. आम्लवाले पुढं निघून जातात, सामू उतरतो आणि मिथेनवाले मागं पडतात ते पडतातच.

आम्लं हा वासाचा एक भाग. त्याहून चिवट भाग प्रथिनांतून येतो. प्रथिनांमध्ये टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन नावाची अमिनो आम्लं असतात. बिनहवेचे जिवाणू टायरोसिनपासून पॅरा-क्रेसॉल करतात आणि ट्रिप्टोफॅनपासून इंडोल व स्कॅटोल. मोठ्या पशुफार्मपासून दूरवर जो वास पोचतो त्यात पॅरा-क्रेसॉलचा वाटा मोठा असतो, कारण हवेत अगदी किंचित असलं तरी नाक ते पकडतं. स्कॅटोल पहिल्यांदा वेगळं केलं जर्मनीतल्या लुडविग ब्रिगर यांनी, १८७७ मध्ये. पण ते तयार करण्याचा शेवटचा टप्पा कोणतं विकर पार पाडतं, हे कळायला २०१८ साल उजाडलं. डुकराच्या विष्ठेत सापडलेल्या ओल्सेनेला स्कॅटोलिजेनेस या जिवाणूत ते विकर मिळालं. इंडोल मात्र मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांतही असतं आणि फार थोड्या प्रमाणात त्या सुगंधाला भर देतं. प्रमाण वाढलं की तोच रेणू नकोसा होतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पिओरिया इथं कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. तिथं मायकेल कोटा आणि टेरेन्स व्हाइटहेड यांनी डुकरांच्या गोठ्याखालच्या मलखड्ड्यांतले जिवाणू वेगळे केले. त्यांना आढळलं की खड्ड्यात क्लॉस्ट्रिडियमच्या गोतावळ्यातले आणि तोवर कुणी नाव न दिलेले बिनहवेचे जिवाणू मोठ्या संख्येनं आहेत. त्यांतल्या एकाचं हेस्पेलिया स्टेरकोरिसुइस असं नामकरण २००४ मध्ये झालं. ज्या वासावर शेकडो वर्षं शेजाऱ्यांची भांडणं झाली, तो करणाऱ्यांची नावंसुद्धा विज्ञानाला कालपरवापर्यंत ठाऊक नव्हती.

आता अमोनिया. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका संकरित गाईंच्या गोठ्यात पहाटेच्या धारेच्या वेळी मी उभा होतो. फरशी सिमेंटची, धुतलेली, पण उतार चुकलेला. गव्हाणीच्या विरुद्ध बाजूला गाईंच्या मागं मुताचं थारोळं साचलेलं आणि त्यात शेण तुडवलं गेलेलं. दहा मिनिटांत डोळे झोंबायला लागले. मालक तिशीतला. तो म्हणाला, “सर, मला आता हा वास येतच नाही. पाहुणे आले की त्यांच्या तोंडाकडं बघून कळतं.” त्याची आई गव्हाणीत मुरघास टाकत होती. ती म्हणाली, “थंडीत लई झोंबतं बाबा. वासरं शिंकत्यात.”

त्या थारोळ्यात जे चाललं होतं ते अगदी साधं आहे. जनावरानं टाकलेल्या नत्रापैकी बराच मोठा भाग मुतातून युरिया म्हणून येतो. युरिया स्वतः उडत नाही, त्याला वास नाही. शेणातल्या जिवाणूंकडे मात्र युरिएज नावाचं विकर असतं आणि ते युरियाचा अमोनिया करतं. मूत शेणात मिसळलं की काही तासांत अमोनिया सुटायला लागतो. दोन्ही वेगळी राहिली, तर फारच कमी सुटतो. हेच युरिएज जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या जातीच्या बियांतून स्फटिकरूपात वेगळं केलं. स्फटिकरूपात मिळालेलं ते जगातलं पहिलं विकर होतं आणि त्याबद्दल समनर यांना १९४६ चं नोबेल मिळालं. आपल्या गोठ्यात ते फुकट आणि रात्रंदिवस काम करतं, पण आपल्या विरोधात. झोंबणारा अमोनिया म्हणजे उडून चाललेला युरिया. शेतकरी त्याच आठवड्यात कृषी सेवा केंद्रातून युरियाची गोणी आणतो.

पोल्ट्रीत हीच गोष्ट थोड्या वेगळ्या वाटेनं होते. कोंबडीला वेगळं मूत नसतं. तिचं नत्र युरिक आम्लाच्या पांढऱ्या थरातून विष्ठेबरोबरच बाहेर येतं. खाली अंथरलेलं भाताचं तूस कोरडं असेल तर जिवाणूंना काम करता येत नाही. पाण्याची निपलं गळायला लागली, तूस भिजलं, की युरिक आम्लाचा युरिया आणि युरियाचा अमोनिया. शेडमध्ये माणूस उभा असतो तेव्हा त्याचं नाक पाच फुटांवर असतं. पिल्लाचं नाक तुसापासून चार बोटांवर असतं, हे पडदे टाकून शेड ऊबदार ठेवताना लक्षात ठेवायला हवं.

सगळ्यांत घातक वायू वेगळाच आहे. हायड्रोजन सल्फाइड, ज्याला आपण सडक्या अंड्याचा वास म्हणतो. सल्फेटवर जगणारे डेसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू तो करतात आणि गंधकयुक्त अमिनो आम्लं फोडतानाही तो निघतो. माणसाचं नाक तो एक अब्जात काही भाग इतक्या कमी प्रमाणातही ओळखतं. पण हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वास कळायचा बंद होतो. वायू तिथंच असतो, नाक निकामी झालेलं असतं. प्रमाण पाचशेच्या पुढं गेलं की माणूस शुद्ध हरपून कोसळतो. शेणकाला साचलेल्या बंद खड्ड्यात हा वायू द्रवात बुडबुड्यांच्या रूपानं अडकून असतो आणि काला ढवळला, त्यात कुणी उतरलं, की एकदम सुटतो. शिवाय मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांनी खड्ड्यातला ऑक्सिजन आधीच बाहेर ढकललेला असतो.

९ एप्रिल २०२४ ला, पाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर पडक्या विहिरीत पडलं. विहीर शेणकाल्याच्या खड्ड्यासारखी वापरात होती. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. पाच जण गेले. एक वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. आपल्या माणसाला बुडताना बघून कुणीही उडी घेईल, म्हणूनच हे आधी सांगून ठेवावं लागतं. शेणाच्या खड्ड्यात, गोबरगॅसच्या टाकीत, स्लरीच्या विहिरीत कुणी पडलं तर दोर बांधल्याशिवाय आणि वर दोर धरणारी माणसं असल्याशिवाय कुणीही उतरू नये. शक्यतो उतरूच नये, अग्निशमन दलाला बोलवावं. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं तिथं कधीही समजू नये.

वासाचं प्रकरण किती मोठं होऊ शकतं ते पाहायचं तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात जावं लागतं. राज्याच्या पूर्व भागातल्या डुप्लिन, सॅम्पसन, ब्लेडन या काउंट्यांत डुकरांचे मोठमोठे फार्म आहेत. २०१८ च्या सुमारास राज्यात जवळपास ९० लाख डुकरं होती. जाळीदार फरशीखालचा मल पाण्यानं ढकलून उघड्या तळ्यांत साठवतात आणि तळ्यातलं पाणी शेतावर फवारतात. अशा नव्या तळ्यांवर १९९७ मध्ये बंदी आली, पण आधीची तळी राहिली. आसपास राहणाऱ्या लोकांनी, ज्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होते, स्मिथफील्ड फूड्सच्या मर्फी-ब्राउन या उपकंपनीवर खटले भरले. एप्रिल २०१८ मध्ये पहिल्या खटल्यात ज्यूरीनं दहा शेजाऱ्यांना ५ कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. राज्याच्या कायद्यात दंडात्मक भरपाईवर कमाल मर्यादा असल्यामुळे एकूण रक्कम ३२.५ लाख डॉलरवर आली. नोव्हेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयानं कंपनीची जबाबदारी कायम ठेवली आणि पुढं तडजोड झाली.

या खटल्यांतला एक पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो. वास न्यायालयात दाखवायचा कसा? क्लार्कसन विद्यापीठातले पर्यावरण अभियंता शेन रॉजर्स यांनी शेजाऱ्यांच्या घरांच्या बाहेरच्या भिंती पुसून नमुने घेतले आणि त्यांत डुकराच्या आतड्यातच आढळणाऱ्या जिवाणूंचा डीएनए शोधला. बहुतेक घरांवर तो सापडला. लोक वर्षानुवर्षं सांगत होते की कपडे वाळत घालता येत नाहीत, अंगणात जेवता येत नाही. ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या भिंतींवरच्या जिवाणूंनी सिद्ध केलं.

याच प्रकारच्या काही तळ्यांत एक वेगळी गोष्ट दिसते. उन्हाळ्यात तळं जांभळं-गुलाबी होतं आणि वास लक्षणीय कमी होतो. तिथं जांभळे गंधक-जिवाणू फोफावलेले असतात. ते सूर्यप्रकाशावर जगतात, पण वनस्पतींप्रमाणे पाणी फोडण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, आणि आम्लंही खातात. कुणीही न नेमलेला घेणारा तिथं आपोआप आलेला असतो.

आपल्याकडे वास मोजायचा कुणी? युरोपात त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. निवडलेल्या माणसांना हवेचा नमुना शुद्ध हवेत मिसळून पातळ करत हुंगायला देतात आणि निम्म्या लोकांना जिथं वास कळतो तो उंबरठा धरतात. ही माणसं निवडताना त्यांची नाकंही ब्युटेनॉलवर तपासलेली असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं वासाच्या प्रदूषणावर २००८ मध्ये मार्गदर्शिका काढली, २००९ च्या हवा मानकांत अमोनियाला २४ तासांसाठी घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये दुग्धशाळा व गोशाळांसाठी सूचना दिल्या. कागद आहेत. पण सांगली-पुण्याच्या रस्त्यालगत गोठ्याशेजारी प्लॉट पडतात, बंगले होतात, दिवाळीच्या गार पहाटे हवा जमिनीलगत थिजते, वास तिथंच साचून राहतो आणि भांडण ग्रामपंचायतीत जातं. तिथं कुणाकडेही मोजमाप नसतं. नव्यानं राहायला आलेल्याला गोठा हटवायचा असतो. गोठेवाल्याला वाटतं, मी आधीपासून इथं आहे. दोघांनाही कुणी सांगत नाही की यांतला बराचसा वास टाळता येण्यासारखा आहे.

टाळायचा कसा, हे या मातीत फार पूर्वी शोधलं गेलं आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला काम करून १९३१ मध्ये शेतीतल्या टाकाऊ पदार्थांच्या खतावर पुस्तक लिहिलं. इंदूर पद्धतीत काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत मुरलेली माती थराथरानं रचायची आणि ढीग ठरावीक वेळांनी पलटायचा. पलटण्यानं हवा आत जाते आणि हवेवर जगणारे जिवाणू आम्लं जाळून टाकतात. पुढं पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी पलटण्याची मेहनतही वाचवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी भोकं, शंभर किलोच्या आसपास शेण आणि त्याच्या कितीतरी पट पालापाचोळा व चाळलेली माती. तीन-चार महिन्यांत खत तयार. पालापाचोळ्यातला कर्ब शेणातल्या नत्राला बांधून ठेवतो. हल्ली ट्रॅक्टरभर पाचट शेतात जाळतात आणि शेजारी नुसत्या शेणाचा ढीग वास मारत असतो, हे बघून जीव तुटतो.

दुसरा मार्ग हवा पूर्ण बंद करून साखळी शेवटापर्यंत नेण्याचा. जशभाई पटेलांच्या तरंगत्या टोपणाच्या रचनेनं खादी ग्रामोद्योग आयोगामार्फत गोबरगॅस खेड्यांत पोचवला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. बाहेर पडलेली स्लरी मात्र उन्हात पसरून वाळवू नये. तिच्यातलं नत्र अमोनियाच्या रूपात असतं, ते उडून जातं. पाचटावर किंवा थेट सरीत सोडावी.

हवा पूर्ण द्या किंवा पूर्ण तोडा. आपला उकिरडा या दोन्हींच्या मध्ये अडकतो. त्यावर चुना मारणं हा जुना इलाज. चुन्यानं सामू वाढतो, हायड्रोजन सल्फाइड दबतो, पण अमोनिया उलट जोरात सुटतो. डेन्मार्कमध्ये काही फार्मवर स्लरीत सल्फ्युरिक आम्ल घालून अमोनिया रोखतात, पण ते काम आपल्या गोठ्यात हातानं करण्यासारखं नाही. व्हाइटहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वेब्राचो झाडाचं टॅनिन स्लरीत घातलं तेव्हा हायड्रोजन सल्फाइड बराच घटला, मिथेनही घटला. बाजारात वास घालवणाऱ्या कल्चरच्या बाटल्या मिळतात. ढिगात आधीच अब्जावधी जिवाणू बसलेले असताना, ओल आणि हवा तशीच ठेवून वरून मूठभर ओतले तर ते टिकतील, असं मला वाटत नाही. बाटलीच्या पैशात पाचटाच्या दोन फेऱ्या होतात. पेंड गरजेपेक्षा जास्त घातली तर जादा प्रथिन मुतातच जातं, तेही तपासावं.

आणि सगळ्यांत सोपी गोष्ट आपल्या सरकारी आराखड्यात आधीच आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून गाई-म्हशींचा पक्का गोठा मिळतो, नाडेपचं टाकंही मिळतं, आणि गोठ्याच्या नकाशात २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं दाखवलेलं आहे. हे टाकं म्हणजे युरिया आणि युरिएज यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची जागा आहे. तुमचा गोठा मंजूर झाला असेल तर फरशीचा उतार त्या टाक्याकडे काढून घ्या, टाकं झाकणासकट बांधून घ्या, आणि त्यात साठलेलं मूत चार दिवसांनी पाण्यात मिसळून पिकाला द्या. बिल निघण्यापुरतं बांधून त्यात भंगार भरून ठेवू नका.